सेवाज्येष्ठतेनुसार गुण

सुरेखाबाईंनी बद्रीनाथ गुरुजींना शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण मिळवून दिले ते आदरापोटी, असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. भीतीपोटी दिले.

झालं होतं असं, की शिक्षकांसाठी 'गुरुझेप' नावाचं एक ॲप आलं होतं आणि त्या ॲपवर एक प्रशिक्षण आलं होतं. 'शिक्षकांची उत्पादकता व व्यावसायिक विकास यांसाठी तंत्रज्ञानाचा वापर' हे त्याचं नाव. फोनच्या पडद्यावर ते 'शिक्षकांची उत्पा...' इथवर येऊन दम टाकायचं. भाग बेचाळीस. प्रत्येक भागाला एक व्हिडिओ, व्हिडिओखाली प्रश्न, आणि सगळ्यात शेवटी 'माझा नवोपक्रम' या विषयावर निबंध. राजूरच्या बाजूच्या त्या केंद्रात, म्हणजे आजूबाजूच्या सात-आठ शाळांच्या गटात, शिक्षक अकरा. त्यांतल्या दहांनी आपापलं लॉगिन, पासवर्ड आणि ओटीपी सुरेखाबाईंच्या स्वाधीन केला.

यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. ज्याच्या घरी ट्रॅक्टर त्यानं चार जणांचं रान नांगरून द्यायचं, ज्याला फोन कळतो त्यानं चार जणांचं प्रशिक्षण घ्यायचं. "तुमाला काय बाई," कल्याण सर म्हणाले होते, "एकाचं केलं काय अन् धाचं केलं काय. व्हिडिओ तर त्योच हाये." कल्याण सरांचं गणित चांगलं होतं.

मागच्या प्रशिक्षणाच्या वेळी बाईंनी एक चूक केली होती. ज्याचं लॉगिन हातात येईल त्याचे प्रश्न त्यांनी सुचेल तसे सोडवले. निकाल लागला तेव्हा नुकताच लागलेला मिथुन सर एक्क्याण्णववर आणि कल्याण सर चौऱ्याहत्तरवर. कल्याण सरांनी दोन महिने केंद्राच्या बैठकीत चहाला हात लावला नाही. "मिथुनला पाजा," म्हणायचे, "हुशार मानूस हाये." ती परीक्षा आपण दिलीच नव्हती हे सर पार विसरले होते. चौऱ्याहत्तर मात्र त्यांच्या पक्के लक्षात होते.

म्हणून या खेपेला बाईंनी सेवाज्येष्ठता यादी समोर घेतली. सगळ्यात जुने बद्रीनाथ गुरुजी, नोकरी एकतीस वर्षं: अठ्ठ्याण्णव. मग दोन-दोन गुणांनी खाली उतरत शेवटी मिथुन सर अठ्ठ्याहत्तर. यादीत बाई नवव्या, म्हणून त्यांनी स्वतःला ब्याऐंशी दिले. मुद्दाम चूक उत्तर द्यायलाही बरोबर उत्तर यावं लागतं. बेचाळीस भाग अकरा वेळा करून बाईंना ते इतके पाठ झाले होते, की कोणत्या व्हिडिओत साहेबांच्या मागचा पंखा कधी बंद पडतो हेही त्या सांगू शकल्या असत्या.

अडचण आली निबंधाला. नऊ जणांचे नवोपक्रम त्यांनी बसल्या बसल्या रचले: झाडांना क्यूआर कोड, टीव्हीवर कविता, असलं काहीबाही. पण अठ्ठ्याण्णव गुणांच्या माणसाला झाडाला चिकटवलेला कागद शोभला नसता. वजनदार काहीतरी हवं. वजनदार असं त्यांच्याकडं एकच होतं, आणि ते खरं होतं.

बाईंचा वर्ग तिसरीचा, लेकरं अठ्ठावीस. एकेकाचं वाचन ऐकायचं तर सकाळ सरते आणि बाकीचे सत्तावीस एकमेकांची डोकी फोडतात. बाईंनी एक जुना फोन वर्गाच्या ओसरीत ठेवला. एकेकानं जायचं, एक मिनिट धडा वाचायचा, बटण बंद करून यायचं. जुन्या जालन्यातल्या घरी परतल्यावर भाकरी थापता थापता बाई ती अठ्ठावीस मिनिटं ऐकायच्या. कुणाला जोडाक्षर अडतं, कोण ओळ गाळतं, कोण भितं, सगळं कानाला कळायचं. वर्षभरात वर्गात न वाचता येणारी लेकरं अकरावरून तीनवर आली. हा उपक्रम त्यांनी गुरुजींच्या नावावर लिहिला आणि स्वतःला 'टीव्हीवर कविता' घेतली.

तेव्हा त्यांना पुढचं पत्र माहीत नव्हतं.

पत्र निकालानंतर आलं. सत्त्याण्णवच्या वर गुण असलेल्यांची ऑनलाइन मुलाखत घेऊन त्यांतून एकाची 'जिल्हा तंत्रमार्गदर्शक' म्हणून तीन वर्षांसाठी जालन्याला नेमणूक होणार होती. सगळ्या जिल्ह्याच्या शिक्षकांचं प्रशिक्षण तो ठरवणार. बाईंनी पत्र दोनदा वाचलं. ही जागा निघावी म्हणून त्या सहा वर्षं वाट बघत होत्या. बेचाळीस व्हिडिओंत काय काय चुकतंय आणि त्याऐवजी काय हवं, याची एक दोनशे पानी वही त्यांच्या कपाटात होती. जिल्ह्यात असा दुसरा माणूस नव्हता ज्यानं ते बेचाळीस व्हिडिओ शेवटपर्यंत एकदा तरी पाहिले असतील. आणि ही जागा त्यांनी स्वतःच्या अंगठ्यानं, दर प्रश्नाला एक टिचकी मारत, बद्रीनाथ गुरुजींना देऊन टाकली होती.

दुपारी केंद्रप्रमुख राधाकिसन साहेब आले. केंद्रातल्या सगळ्या शाळांवर देखरेख त्यांची. त्यांचं स्वतःचं प्रशिक्षण वेगळ्या ॲपवर होतं. तेही बाईंनीच केलं होतं.

"बाई, गुरुजी मुलाखतीत फसले तर इचारतील, अठ्ठ्यान्नव आले कुठून. मंग चौकशी. चौकशी लागली की पयला फोन कुणाचा तपासतेन?"

"माझा."

"बराबर. म्हनून गुरुजी पास झाले पाह्यजेत. बिलकुल पास. सात दिवस हायेत. तयारी करून घ्या."

म्हणजे गुरुजी नापास झाले तर बाईंची नोकरी धोक्यात, आणि पास झाले तर बाईंची जागा गेली. मधला रस्ता बाई दोन दिवस शोधत होत्या. तिसऱ्या दिवशी तयारीला लागल्या.

बद्रीनाथ गुरुजी माणूस वाईट नव्हते. पाढे म्हणायचे तर मैदानात लेकरांना चालवत म्हणून घ्यायचे आणि तीस वर्षांपूर्वीच्या लेकरांना अजून एकोणतीसचा पाढा येत होता. पण तंत्रज्ञानाशी त्यांचा संबंध शुभ सकाळच्या फुलापलीकडं गेला नव्हता.

"गुरुजी, रेकॉर्डिंग कुठं साठवता?"

"कपाटात."

"न्हाई गुरुजी. ऑनलाइन."

"ऑनलाइन कपाटात."

"क्लाऊडमधी म्हना."

"म्हनतो की. पन बाई, मला एक सांगा, यादीत माझं नाव पयलं आलं ते बराबर हाये ना? म्हंजे एकतीस वर्षांचा अनुभव बघून आलं असंल ना?"

बाईंनी त्यांच्याकडं बघितलं. गुरुजी थट्टा करत नव्हते. पाच दिवसांत त्यांची खात्री पटत चालली होती की अठ्ठ्याण्णव गुण आपलेच आहेत. शेवटच्या दिवशी त्यांनी नवीन सफारी शिवून आणल्याचं सांगितलं आणि वर विचारलं, "जालन्याला खोली बघून ठिवू का? रोजचं जानं-येनं मला झेपायचं न्हाई."

"बघा," बाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

मुलाखत नेमकी चतुर्थीच्या दिवशी आली. चतुर्थीला राजूरच्या गणपतीला एवढी माणसं लोटतात, की आसपासच्या गावांत फोनला रेंज उरत नाही. बाईंनी किरकोळ रजा टाकली आणि दहालाच गुरुजींच्या शाळेवर पोचल्या. शाळेच्या कार्यालयात टेबलावर लॅपटॉप, लॅपटॉपसमोर नव्या सफारीत गुरुजी. लॅपटॉपच्या मागं, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा बेतानं, लेकरांच्या स्टुलावर बाई. त्यांच्या मांडीवर पाटी आणि हातात खडू. बाईंच्या वर्गातल्या साक्षी नावाच्या मुलीचं एक जुनं रेकॉर्डिंग काढून ठेवलेला बाईंचा फोन टेबलावर, गुरुजींच्या हाताशी. आणि दारात राधाकिसन साहेब, कारण नेट त्यांच्या फोनवरून जोडलं होतं. त्यांच्या फोनला कशी कोण जाणे, दोन दांड्या रेंज होती.

अकरा वाजून दहा मिनिटांनी पडद्यावर समितीच्या मॅडम आल्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर. त्यांच्या बाजूला दोन गृहस्थ होते, ते मुलाखत संपेपर्यंत बाजूलाच होते.

"नमस्कार गुरुजी. तंत्रज्ञानामुळं तुमचा वेळ वाचतो, असं तुम्ही लिहिलंय. कसा?"

बाईंनी पाटी वर केली: *२८ मुले × १ मिनिट*.

"मॅडम, अठ्ठावीस लेकरं," गुरुजी म्हणाले, "गुनिले एक मिनिट."

"गुणिले?"

बाईंनी पाटी पुसायला घेतली. पण गुरुजी एकतीस वर्षं वर्गावर उभे राहिलेले होते. अडलं की कसं चालू ठेवायचं हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. "म्हंजे असं बघा मॅडम. एकेकाचं वाचन ऐकत बसलं तर बाकीचे वर्ग डोक्यावर घेतेत. म्हनून लेकरू ओसरीत जातं, वाचतं, फोनमधी ठिवतं. मी घरी जाऊन आरामात ऐकतो. भाकरी थापता थापता."

"तुम्ही भाकरी थापता?"

"मंडळी थापते. मी ऐकतो."

मॅडम हसल्या. बाजूचे दोघेही थोडे हसले. तेवढ्यात पडदा गोठला, मॅडमचा हसरा चेहरा अर्धं मिनिट तसाच राहिला. मग आवाज परत आला. "...ऐकवा ना एखादं."

गुरुजींनी बाईंच्या फोनचं बटण दाबलं. हे मात्र ते वीस वेळा दाबून, लगेच बंद करून शिकले होते. साक्षीचा आवाज खोलीत आला. घडाघडा, न अडखळता, एखाद्या ओढ्यासारखा धडा वाहत गेला. मिनिट झालं आणि तो आवाज म्हणाला, "झालं बाई. बंद करू का?"

बाईंनी डोळे मिटले. शेकडो रेकॉर्डिंगं होती त्यांच्याकडं. शेवटपर्यंत ऐकून निवडायला हवं होतं. अकरा जणांचं प्रशिक्षण जी बाई एका चुकीशिवाय करते, तिनं एक मिनिट ऐकलं नाही.

"गुरुजी," मॅडम म्हणाल्या, "ही तुम्हाला बाई म्हणते?"

दारात राधाकिसन साहेबांनी चौकटीला हात टेकला.

"म्हनते की," गुरुजी शांतपणे म्हणाले. "अंगनवाडीत बाई, शेजारच्या वर्गावर बाई. लेकरांच्या तोंडात बाईच बसलेलं असतं मॅडम. मलाबी बाईच म्हनतेत. मी ओ देतो. काय करता?"

"खरंय," मॅडम मनापासून म्हणाल्या. "माझा मुलगा चौथीपर्यंत सरांना बाई म्हणायचा."

बाईंनी डोळे उघडले. गुरुजी वाचले होते. नुसते वाचले नव्हते, जिंकत होते. त्यांना पाटीसुद्धा लागली नाही. नोकरी वाचली, हे बाईंना कळलं. आणि सुटल्यासारखं वाटलं नाही हेही कळलं. जालन्याच्या त्या खुर्चीत सफारीतले गुरुजी त्यांना स्पष्ट दिसले. वही कपाटातच राहणार होती.

"छान," मॅडम म्हणाल्या. त्यांनी बाजूच्या गृहस्थाकडं बघून मान हलवली, त्यानं काहीतरी लिहिलं. मग कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेत त्या म्हणाल्या, "एकच शेवटचं. ते रेकॉर्डिंग परत लावा बरं."

गुरुजींनी लावलं. मॅडमनी कान देऊन ऐकलं, शेवटपर्यंत.

"मधे पान उलटल्याचा आवाज येतो बघा. पण पुढच्या पानावरचं वाक्य ती त्याच्या आधीच म्हणून मोकळी झाली. असं कसं, गुरुजी?"

गुरुजींनी पाटीकडं बघितलं. पाटी कोरी होती. कारण पाटी धरणारी बाई पडद्याकडंच बघत राहिली होती. तिला ते पान साक्षीच्या तेराव्या रेकॉर्डिंगला ऐकू आलं होतं. पडद्यावरच्या या बाईला दुसऱ्यांदा ऐकताना आलं. सहा वर्षांत एवढे साहेब शाळेवर येऊन गेले. त्यांनी शौचालय विचारलं, वृक्षारोपण विचारलं, ॲपवरची हजेरी विचारली. हे कुणी विचारलं नव्हतं.

"तिला दिसत नव्हतं."

हे पाटीवर लिहायचं होतं. बाईंनी ते तोंडानं म्हटलं.

पडद्यावरच्या तिघांनीही माना वर केल्या.

"कोण बोललं?"

"त्या... चहा घिऊन आल्यात बाई," गुरुजी म्हणाले. "आमच्या इथं चहा..."

"चहा घेऊन आलेल्या बाईंना समोर येऊ द्या."

दारातून राधाकिसन साहेबांनी आपला फोन उंच धरला. अंगठा हॉटस्पॉटच्या बटणावर. भुवया वर करून त्यांनी बाईंना विचारलं: करू बंद? बंद केलं असतं तर सगळं चतुर्थीवर ढकलता आलं असतं. रेंज गेली, साहेब, गर्दी फार. गुरुजींनी जेवढं सांगितलं होतं तेवढ्यावर निवड झाली असती. चौकशी नाही, नोटीस नाही, कुणाचं काही गेलं नसतं. एक जागा सोडून.

बाईंनी मान हलवली. नको.

राधाकिसन साहेबांनी दुसऱ्यांदा विचारलं, या वेळी दोन्ही भुवयांबरोबर अख्खी मान उचलून. बाई उठल्या, पाटी स्टुलावर ठेवली आणि टेबलाला वळसा घालून गुरुजींच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"मुलीचं नाव साक्षी," त्या म्हणाल्या. "माझ्या वर्गात आहे. पहिली-दुसरीत सगळे तिला हुशार समजायचे, कारण ती घडाघडा वाचायची. ती वाचत नव्हती मॅडम. मोठ्या बहिणीकडनं ऐकून धडे पाठ करायची. अक्षर दिसत नाही हे तिला स्वतःलाच माहीत नव्हतं. सगळ्यांना असंच दिसतं, असं वाटायचं तिला. वर्गात समोर उभी करून ऐकलं तेव्हा मलाही कळलं नाही. रेकॉर्डिंगमधे पान ऐकू आलं तेव्हा कळलं."

"म्हणजे हा उपक्रम तुमचा."

"हो."

"तुमचे गुण किती?"

"ब्याऐंशी."

मॅडमनी समोरच्या कागदावरून बोट फिरवलं. "बद्रीनाथ गुरुजी अठ्ठ्याण्णव. तुम्ही ब्याऐंशी. मधले शहाण्णव, चौऱ्याण्णव, ब्याण्णव..." बोट खालपर्यंत गेलं आणि थांबलं. मॅडमनी चष्म्यावरून वर बघितलं.

"सगळे मीच सोडवले," बाई म्हणाल्या. "अकराही."

"अगं माय," राधाकिसन साहेब दारात म्हणाले आणि त्यांनी फोन खिशात टाकला. नेट मात्र चालूच राहिलं.

"मॅडम, मी एक बोलू का?" गुरुजींनी हात वर केला. वर्गातल्या लेकरासारखा. "मला वाटून राह्यलं होतं की मीच पास झालो. खरंच वाटून राह्यलं होतं. ह्या बाईनं पाच दिवस मला शिकवलं, येक डाव न्हाई म्हनली की ही जागा माझी हाये म्हनून." मग ते बाईंकडं वळले आणि आवाज चढवून म्हणाले, "येक डाव बोलायचं तरी! सफारी शिवली की मी!"

बाजूच्या गृहस्थानं हसू आवरायला तोंडावर कागद धरला. मॅडम हसल्या नाहीत.

"हे सांगितल्यावर काय होणार, माहितीये ना तुम्हाला?"

"माहितीये."

"जागा तर आता तुम्हाला देता येणार नाही."

"माहितीये मॅडम."

झालं ते नियमाप्रमाणंच झालं. चौथ्या दिवशी अकरा जणांना नोटिसा आल्या, त्याच ॲपवर, आणि ॲपच्या सवयीप्रमाणं प्रत्येक नोटिशीवर 'अभिनंदन! आपल्यासाठी नवीन सूचना' असं लिहिलेलं होतं. प्रमाणपत्रं रद्द झाली. परीक्षा परत झाली, या वेळी जालन्यात, समोर माणूस बसवून. बाईंची एक वेतनवाढ थांबली. ती जागा दुसऱ्या तालुक्यातल्या कुणाला तरी मिळाली. कल्याण सरांनी पुन्हा चहा सोडला. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी मॅडमनी कॉल लगेच बंद केला नाही. बाजूच्या दोघांना त्यांनी जेवायला जायला सांगितलं, चष्मा परत कपाळावर सरकवला आणि विचारलं,

"मग त्या मुलीचं काय केलंत?"

"जालन्याला नेऊन डोळे तपासले. चष्मा लागला. मोठा नंबर आहे."

"आता वाचते?"

"वाचते. पण हळू. आधी मिनिटात अख्खं पान म्हणायची, आता चार ओळी होतात. तिचा बाप परवा शाळेत आल्ता," बाई म्हणाल्या. साहेबांसमोरची भाषा त्यांच्या तोंडून कधी निसटली ते त्यांना कळलं नाही. "म्हनला, बाई, पोरगी चांगली हुशार होती, तुमच्या चष्म्यानं पार ढ करून टाकली."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हनलं, दादा, आत्ता कुठं ती वाचून राह्यली."

मॅडमनी पेन उचललं आणि परत खाली ठेवलं.

"हे लिहून द्या मला."

"खुलाशात लिहू?"

मॅडमनी जरा विचार केला.

"नाही. खुलाशात फक्त चूक लिहायची असते. हे वेगळ्या कागदावर द्या."